कासवाचा भाव : प्रस्तावना

मागच्या वर्षी मे महिन्यात माझी दहा वर्षांची भाची सुट्टीला मालवणला आली होती. एका दुपारी ती पडवीतून आत आली, मोबाइल माझ्या पुढ्यात ठेवला आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "मामा, माझा कासव गेला." आमच्या घरात कासव कधीच नव्हते. ते होते 'ॲडॉप्ट मी' या खेळातले. रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळांच्या मंचावर जगभरातली मुले हा खेळ खेळतात. त्यात अंडी उबवून प्राणी मिळवायचे, त्यांना खाऊपिऊ घालून वाढवायचे आणि एकमेकांशी त्यांची अदलाबदल करायची. तिचे कासव 2020 मधल्या ऑस्ट्रेलियन अंड्यातून निघाले होते. टाळेबंदीत ते तिच्या पुण्याच्या मावसभावाने उबवले होते आणि खेळाचे वय सरल्यावर हिला देऊन टाकले होते. सुट्टी लागली त्या दिवशी तिने ते एका अनोळखी खेळाडूला दिले आणि बदल्यात तीन नवेकोरे प्राणी घेतले. तिन्ही 'लेजेंडरी'. त्या दिवशी ती घरभर नाचली होती. पंधरा दिवसांत त्या तिघांचा भाव इतका उतरला, की तिघांना मिळूनही कोणी एक कासव देईना.

तिला कोणी फसवले होते का? दोघांनीही एकमेकांचे प्राणी पाहिले होते. दोघांनीही दोनदा होकार दिला होता. मग तो सौदा योग्य होता का? मला तिला लगेच उत्तर देता आले नाही. त्या उत्तराच्या शोधात पुढचे वर्ष गेले आणि त्यातून हे पुस्तक झाले. आभासी प्राण्यांच्या देवघेवीत योग्य मोल कसे जोखावे, एवढाच त्याचा विषय आहे. हा विषय मुलांचा असला तरी मी तो किरकोळ मानत नाही. आपण मुलाला बाजारात नेतो, त्याच्यासमोर भाव करतो, पैसे मोजून घ्यायला शिकवतो. पण आजचे मूल आयुष्यातला पहिला मोठा सौदा पडद्यावर करते, आणि त्या वेळी घरातले कोणी बहुधा त्याच्या शेजारी बसलेले नसते.

मी मालवणचा. बंदरावर होड्या लागल्या की मासळी सगळ्यांसमोर ओतली जाते, भोवती कोंडाळे जमते आणि लिलाव सुरू होतो. सुरमई, सरंगा, बांगडा, कोळंबी, प्रत्येकाचा ढीग वेगळा. कोणीतरी एक आकडा बोलतो, कोणी तो वाढवतो, आकडा चढत जातो आणि कुठेतरी थांबतो. लहानपणी मला वाटे, हा आकडा माशाच्या अंगावरच कुठेतरी लिहिलेला असणार. मोठ्यांना तो वाचता येतो, आपल्याला येत नाही. बाजारात मासे विकणाऱ्या एका आतेने माझा हा समज एका वाक्यात दूर केला. ती म्हणाली, "माशाक भाव नसता रे, गिऱ्हाइकाच्या गरजेक असता." श्रावणात ज्या बांगड्याला घरोघरी मज्जाव असतो, मार्गशीर्षातल्या गुरुवारी जो टोपलीत पडून राहतो, त्याच बांगड्यासाठी रविवारी सकाळी माणसे खोळंबून उभी असतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत खाडीतली मूठभर मासळीही भाव खाते, आणि उन्हाळ्यात वाळवून डब्यात भरलेल्या सुक्या बांगड्याची किंमत तेव्हा कळते. मासा तोच असतो. किती आला, किती जणांना हवा आणि पुन्हा कधी येणार, या तीन गोष्टी बदललेल्या असतात.

भाचीच्या खेळात डोकावलो तेव्हा मला तिथे हेच तीन प्रश्न दिसले. ॲडॉप्ट मी 2017 मध्ये आला. त्यात पाळीव प्राणी आले 2019 मध्ये, आणि खेळाचे सारे रूप पालटले. आभासी प्राण्याचा लळा लागतो हे मात्र त्याच्या कितीतरी आधी कळले होते. जपानच्या बांदाई कंपनीने 1996 मध्ये तामागोची आणले. अंड्याएवढ्या त्या खेळण्यातल्या पिल्लाची आबाळ झाली तर ते मरत असे, म्हणून मुले ते शाळेतही घेऊन जात. 1999 मध्ये निओपेट्स आले आणि आभासी प्राण्यांच्या जगात दुकाने, लिलाव आणि देवघेव आली. प्राणी आणि बाजार एकदा एकत्र आले की पुढचा प्रश्न टळत नाही : हे देऊन ते घ्यावे का?

ॲडॉप्ट मी प्रत्येक प्राण्याला पाचपैकी एक दर्जा देतो : कॉमन, अनकॉमन, रेअर, अल्ट्रा-रेअर आणि लेजेंडरी. मुलांची पहिली चूक इथे होते. दर्जा म्हणजेच किंमत असे त्यांना वाटते. एका लेजेंडरीच्या बदल्यात तीन लेजेंडरी मिळाले, म्हणजे तिप्पट फायदा, असाच हिशेब माझ्या भाचीने केला होता. पण अंड्यातून आलेल्या प्राण्याचा दर्जा एवढेच सांगतो, की अंडे फुटताना तो निघण्याचा संभव किती होता. ते अंडे आज दुकानात आहे की कायमचे बंद झाले, याबद्दल दर्जा काही बोलत नाही. या खेळातली गाय दर्जाने फक्त रेअर आहे आणि युनिकॉर्न लेजेंडरी. तरीही देवघेवीत युनिकॉर्न गायीपुढे फिका पडतो. युनिकॉर्न कायम विकल्या जाणाऱ्या अंड्यातून आजही निघतो. गायीचे शेतावरचे अंडे मात्र दुकानातून केव्हाच गेले. मूळ किमतीचेही तेच. 2019 मधले सफारी अंडे खेळातल्या अवघ्या 750 बक्सना मिळत असे. त्यातून निघालेला जिराफ आज या खेळातल्या सर्वांत महागड्या प्राण्यांत गणला जातो.

हे मला सावंतवाडीच्या गंजिफ्याने समजावले. तिथल्या राजवाड्यात आजही हाताने रंगवले जाणारे ते गोल पत्ते वाचकांनी पाहिले असतील. दशावतारी गंजिफ्यात 120 पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी पाने. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या निम्म्यांत हा क्रम उलटा. दिवसा डाव रामापासून सुरू होतो, रात्री कृष्णापासून. नुसते हातातले चित्र पाहून पानाचा मान कळत नाही. पान कोणत्या रंगाचे आणि डाव कोणत्या वेळी बसला आहे, हे आधी विचारावे लागते. ज्या मुलाला हे उमगले त्याला 'लेजेंडरी' हा शब्द फार काळ भुलवू शकत नाही.

संभवाचा हिशेबही मुलांना यायला हवा, म्हणून त्यावर या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातले एक उदाहरण इथेच देतो. हिशेबासाठी घेतलेले दर असे : तडा गेलेले अंडे 350 बक्स, त्यातून लेजेंडरी निघण्याचा संभव शेकडा दीड, साधे पाळीव अंडे 600 बक्स, संभव शेकडा तीन, राजेशाही अंडे 1,450 बक्स, संभव शेकडा आठ. बहुतेक मुले स्वस्त म्हणून पहिले अंडे घेतात. पाटी घेऊन हिशेब मांडला तर एका लेजेंडरीमागे सरासरी खर्च पहिल्या अंड्यात 23,333 बक्स येतो, दुसऱ्यात 20,000 आणि तिसऱ्यात 18,125. महाग दिसणारे अंडेच शेवटी स्वस्त पडते. पण सरासरी म्हणजे हमी नव्हे. एकामागून एक तेरा राजेशाही अंडी फोडून एकही लेजेंडरी न निघण्याचा संभव जवळजवळ एक तृतीयांश आहे. हा आकडा मी भाचीला समजावला तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझं नशीब वाईट नव्हतं." गणिताने एका मुलाला एवढा धीर दिला तरी पुष्कळ झाले.

टंचाईनंतर येतात श्रम. या खेळात प्राणी नवजात अवस्थेपासून पूर्ण वाढ होईपर्यंत सहा पायऱ्या चढतो. पूर्ण वाढलेले चार सारखे प्राणी एकत्र केले की एक चमकणारा 'निऑन' होतो. असे चार निऑन पुन्हा वाढवून एकत्र केले की 'मेगा निऑन'. एका मेगामागे सोळा प्राणी आणि त्यांचे सारे संगोपन असते. मग निऑनची किंमत साध्याच्या चौपट धरावी का? आपल्याकडच्या कोणत्याही काजूवाल्याला विचारा. बी भाजणे, फोडणे, गर वाळवणे, साल काढणे, मग प्रतवारी. एका पौंडात साधारण 180 गर बसतात तो डब्ल्यू 180, आणि 320 बसतात तो डब्ल्यू 320. फोडताना गर दुभंगला तर तो पाकळीत जातो. पाकळीची चव अखंड गराहून रतिभरही कमी नसते, भाव मात्र उतरतो. दाम मिळतो तो आकाराला, अखंडपणाला आणि त्यामागच्या हातांना. निऑनचेही असेच. सहज मिळणाऱ्या प्राण्याच्या निऑनमध्ये जवळजवळ सगळी किंमत मेहनतीची असते. दुर्मीळ प्राण्याच्या निऑनमध्ये ती टंचाईची असते. म्हणून चौपटीचा नियम कधी कमी पडतो, कधी जास्त होतो. आणि एक कटू गोष्ट मुलांना आधीच सांगितलेली बरी : मेहनतीला गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. सोळा कुत्रे रात्रंदिवस सांभाळून केलेला मेगा कोणालाच नको असेल, तर ती मेहनत आपल्या आनंदासाठी होती असे मानावे. इथल्या शेतकऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही.

यानंतर काळ. देवगडच्या हापूसची मोसमातली पहिली पेटी वाशीच्या बाजारात पोहोचते तेव्हा तिला मिळणारा भाव ऐकून सगळे थक्क होतात. मेअखेरीला तोच आंबा शेजारीपाजारी वाटला जातो. मुहूर्ताच्या पेटीत आंब्याबरोबर पहिलेपणाचेही पैसे असतात. खेळात नवा प्राणी येतो तेव्हा पहिल्या दोन-चार दिवसांत तो फार थोड्यांकडे असतो आणि सगळ्यांना हवा असतो. मग रोज हजारो मुले तीच अंडी फोडतात आणि भाव घसरतो. माझ्या भाचीने नेमकी मुहूर्ताची पेटी घेतली होती, तीही तीन. मात्र आंबा आणि आभासी प्राणी यांत एक फरक आहे. आंबा नासतो, प्राणी नासत नाही. त्याचे अंडे दुकानातून गेले की नवी आवक थांबते, जुने खेळाडू आपले प्राणी घेऊन खेळ सोडून जातात, आणि ज्यांची आवड टिकून राहते अशांचा भाव हळूहळू पुन्हा वर येतो. तिचे कासव असेच चार-पाच वर्षे मुरलेले होते. मुरलेले देऊन कोवळे घेतले, तेही तेजीच्या दिवशी. तिच्या सौद्यातली चूक एवढीच होती.

आवड ही यांतली सर्वांत निसरडी गोष्ट. 2021 मध्ये पालघरच्या मुरबे गावातल्या एका मच्छीमाराच्या जाळ्यात 157 घोळ मासे आले आणि त्यांचे सुमारे 1 कोटी 33 लाख रुपये झाले. घोळीला एवढा भाव येतो तो तिच्या पोटातल्या बोतामुळे, म्हणजे हवेच्या पिशवीमुळे, आणि त्या बोताचे गिऱ्हाईक दूर परदेशात असते. किनाऱ्यावरच्या माणसाच्या जिभेवर तो भाव ठरत नाही. खेळातही एखाद्या प्राण्याला अचानक मागणी येते आणि तिचे कारण आपल्या ओळखीतल्या कोणालाच ठाऊक नसते. म्हणून मुलांनी 'किती मोलाचा?' याबरोबर 'किती जणांना हवा?' हेही विचारावे. यादीत भाव मोठा पण मागणारा कोणी नाही, असा प्राणी हातात अडकून पडतो. तो देताना काहीतरी वर घालावे लागते. मुले याला 'ॲड करणे' म्हणतात. वाटा घेताना आपली आई मासेवालीला "आणखी एक घाल गो" म्हणते, ते दुसरे काय असते?

भावाच्या याद्यांवर मुलांची फार भिस्त असते. या याद्या खेळाडूच बनवतात. झालेले सौदे पाहून, एकमेकांना विचारून प्रत्येक प्राण्याला एक आकडा देतात. सर्वांना माहीत असलेली एखादी वस्तू माप म्हणून धरली जाते. प्राण्यावर बसता यावे म्हणून लागणारे सवारीचे पोशन हे त्यांतले एक. कोकणाला अशी मापे नवी नाहीत. कुळाने द्यायचा खंड भातात मोजला जाई, आणि सुकी मासळी घेऊन वरच्या गावांत जाणाऱ्या बायका मासळीच्या बदल्यात भात घेऊन परतत. भात हेच माप होते, कारण ते प्रत्येकाच्या घरात लागे. याद्या उपयोगी आहेत. मी स्वतः त्या पाहतो. पण यादी म्हणजे काल झालेल्या लिलावाची वही. आजची आवक तिला माहीत नसते. दोन निरनिराळ्या याद्या पाहाव्यात, त्या केव्हा लिहिल्या गेल्या ते पाहावे आणि मग स्वतः थोडी चौकशी करावी.

आणखी एक गोष्ट याद्यांत कधीच नसते. ती म्हणजे या बाजाराचा समुद्र कंपनीच्या ताब्यात आहे. 2019 च्या हॅलोविनला ॲडॉप्ट मी मधला शॅडो ड्रॅगन हा प्राणी 1,000 रोबक्सना, म्हणजे रोब्लॉक्सच्या चलनात, मिळत होता. तो पुन्हा विकायला आणला गेला नाही, म्हणून तो आज दुर्मीळ आहे. खेळ चालवणाऱ्यांनी उद्या निर्णय बदलला तर तो दुर्मीळ राहणार नाही. दुसऱ्या एका खेळात हे घडलेही. ऑक्टोबर 2025 मध्ये काउंटर-स्ट्राइकच्या नियमांत एक बदल झाला. दुर्मीळ सुऱ्या तयार करण्याची नवी वाट खुली झाली आणि त्यांचे चढे भाव रातोरात कोसळले. 1990 च्या दशकात अमेरिकेत बीनी बेबीज नावाच्या कापडी खेळण्यांचे असेच झाले. कंपनी एकेक खेळणे बंद करी, लोक ते चढ्या भावाने घेऊन साठवत, भावांची पुस्तके निघत. दशक संपता संपता मागणी ओसरली आणि साठवलेली खेळणी घरोघरी पडून राहिली. मुलाने हे ऐकून घाबरावे असे मला वाटत नाही. त्याने एवढेच ध्यानात ठेवावे, की हे प्राणी सांभाळण्यासाठी आणि खेळण्यासाठी आहेत. ते बँकेतली ठेव नव्हेत.

इथवर मोलाची गोष्ट झाली. योग्य सौद्याची गोष्ट अजून राहिली आहे, आणि या पुस्तकातला माझ्या लेखी मुख्य भाग तोच. मुले सौद्याला तीन शब्द वापरतात : विन, फेअर, लूज. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली की फेअर. हे सोपे माप मला अपुरे वाटते. भाचीचा सौदा त्या दिवशीच्या यादीवर कदाचित फेअरच दिसला असता. पण समोरच्याला ठाऊक होते, की नवे प्राणी आठवड्यात उतरतात. हिला ते ठाऊक नव्हते. लिलावात मासळी सगळ्यांसमोर ओततात ते यासाठीच. ढिगात खाली काय आहे हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला सारखेच दिसले पाहिजे. खेळ चालवणाऱ्यांनीही आपल्या परीने काळजी घेतली आहे. होकार दोनदा द्यावा लागतो. मोठ्या दर्जाच्या प्राण्यांची देवघेव करण्याआधी एक छोटी परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. 'आधी तू दे, मग मी देतो' असा सौदा, ज्याला मुले 'ट्रस्ट ट्रेड' म्हणतात, तो फसवणुकीचाच मार्ग आहे, आणि खेळातला प्राणी खऱ्या पैशांनी विकणेही नियमाबाहेर आहे. देवगडच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात आंब्यावर वेगवेगळ्या क्रमांकाचे स्टिकर लावायला घेतले, कारण देवगडच्या नावाखाली भलताच आंबा खपत होता. खरे-खोटे पारखण्याची सोय बाजाराला करावी लागते, तशी खेळालाही.

पण सोयी आणि नियम यांच्या पलीकडे एक गोष्ट उरते. लहानपणी आई मला एकट्याला मासे आणायला पाठवी. हातात पैसे, भाव करता येत नाही, ताजे-शिळे कळत नाही. तरी आते माझ्या पिशवीत चांगलाच वाटा टाकी. एकदा मी तिला कारण विचारले. ती हसून म्हणाली, "उद्या तुझी आवस येतली मा." उद्या पुन्हा तोंड दाखवायचे आहे, ही जाणीव बाजाराला सरळ ठेवते. पडद्यावर ती जाणीव नसते. सौदा झाला की समोरचा खेळाडू दुसऱ्या जगात निघून जातो. त्याचे नाव आठवत नाही, त्याच्या आईची गाठ कधी पडत नाही. समोर पंधरा वर्षांचा मुलगा आहे की सात वर्षांची मुलगी, हेही कळत नाही. ज्या बाजाराला 'उद्या' नाही, तिथे सरळपणा ज्याचा त्यानेच सोबत न्यावा लागतो. म्हणून योग्य सौद्याची माझी कसोटी अशी : मला जे ठाऊक आहे ते समोरच्याला सांगितले असते, तरी त्याने हा सौदा केला असता का? उत्तर 'हो' असेल तर बेरीज थोडी कमी-जास्त असली तरी सौदा योग्य. उत्तर 'नाही' असेल तर यादीवर तो कितीही समतोल दिसो, कुठेतरी पाणी मुरते आहे.

याच कसोटीतून आणखी एक हक्क येतो : नाही म्हणण्याचा. काही मुले आपल्या एखाद्या प्राण्याविषयी 'एनएफटी' म्हणतात, म्हणजे 'नॉट फॉर ट्रेड', द्यायचा नाही. यादीत त्याची किंमत शून्याच्या जवळ असेल. पण तो पहिला असतो, किंवा कोणीतरी आठवणीने दिलेला असतो. अशा मुलाला हसू नये. भाचीच्या कासवाला मावसभावाची टाळेबंदीतली दुपार चिकटलेली होती. ते कासव आपण विकायलाच नको होते, हे तिला उशिरा कळले. कोणत्या गोष्टीला भाव लावायचाच नाही, हे ठरवता येणे हेही मोल जोखण्यातच येते.

कासवाचे नाव निघालेच आहे तर खऱ्या कासवाविषयी न लिहिता मला पुढे जाता येत नाही. आमच्या याच किनाऱ्यावर, वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीत, ऑलिव्ह रिडली कासविणी रात्री वाळूत अंडी घालतात. गावकरी ती अंडी जपतात आणि पिल्ले समुद्राकडे सरकताना पाहायला माणसे दुरून येतात. कायद्याने हे कासव पूर्ण संरक्षित आहे. ते पकडणे, विकणे, त्याची अंडी उचलणे हा गुन्हा आहे. त्याला भाव नाही, आणि नसावाच. पडद्यावर प्राणी देता-घेता येतात म्हणून जिवंत प्राणीही तसाच असतो असे एखाद्या मुलाच्या मनात कणभरही राहू नये. खेळातले कासव देता येते, वाळूतले फक्त राखता येते.

पुस्तकाची मांडणी सोपी ठेवली आहे. पहिल्या प्रकरणात दर्जा आणि टंचाई यांतला फरक आहे, दुसऱ्यात संभवाचा हिशेब. तिसरे निऑन, मेगा आणि पोशनांवर आहे, चौथे काळ आणि मागणी यांवर. पाचव्यात भावयाद्या कशा वाचाव्यात ते सांगितले आहे. सहावे योग्य सौद्यावर आणि सातवे फसवणुकीच्या ओळखीच्या युक्त्यांवर. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी काही सौदे दिले आहेत. मुलांनी ते सोडवावेत, आणि शक्य तर घरातल्या मोठ्या माणसासोबत सोडवावेत. प्राण्यांचे आजचे भाव मात्र मी मुद्दाम छापलेले नाहीत. छापून येईपर्यंत ते शिळे झाले असते, आणि शिळ्या भावाची चटक लागण्यापेक्षा ताजा भाव काढण्याची रीत हाती आलेली बरी.

पालकांना एक विनंती. मूल 'माझा प्राणी गेला' म्हणत आले तर 'खेळातलाच होता' असे म्हणून त्याला वाटेला लावू नका. त्याने त्या प्राण्यावर वेळ घालवला आहे, हिशेब केला आहे, कोणावर तरी विश्वास ठेवला आहे. त्याच्या शेजारी बसा आणि सौदा पुन्हा मांडायला सांगा. काय दिले, काय घेतले, तुला काय ठाऊक होते, त्याला काय ठाऊक होते? हे चार प्रश्न पुढे आयुष्यभर त्याच्या उपयोगी पडतील. जमीन घेताना पडतील, नोकरीचा पगार ठरवताना पडतील.

या पुस्तकासाठी ज्या मुलांनी मला आपले सौदे उघडपणे दाखवले, चुका सांगितल्या आणि माझे अज्ञान सहन केले, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. बाजारातल्या आतेचा तर आहेच; तिची दोन वाक्ये हा या पुस्तकाचा पाया आहे.

भाचीचे कासव परत आले नाही. ते कोणाकडे आहे हेही आम्हाला कळले नाही. पण या मे महिन्यात ती पुन्हा आली तेव्हाचा एक प्रसंग सांगून थांबतो. पडवीत तिच्या शेजारी तिचा सात वर्षांचा मामेभाऊ बसला होता, दोघांच्या हातात मोबाइल. त्याला तिच्याकडचा नवा, रंगीत प्राणी हवा होता आणि त्याच्या बदल्यात तो आपली जुनी गाय द्यायला निघाला होता. त्याने पहिला होकार दाबलाही. मी आतून पाहत होतो, बोललो नाही. तिचे बोट पडद्यावर क्षणभर थांबले. मग तिने सौदा मोडला आणि त्याच्याकडे वळून म्हणाली, "थांब, तुझा जास्त जाता. आधी मी तुका सांगतंय ता ऐक."

मालवण
नारळी पौर्णिमा